पत्र्यावरची तांबडी लोकर

शनिवार, १५ ऑक्टोबर २००५. मोटेल, संध्याकाळ.

एवढ्या लांब ड्राइव्ह करून गेलो आणि तोंडच उघडलं नाही.

छत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या रेसच्या गाड्या, टोकदार नाकाच्या आणि मागे उंच पंख असलेल्या, आज एकत्र आल्या होत्या. म्हातारे ड्रायव्हर एकमेकांना मिठ्या मारत होते. मला ओळखणारं कोणीच नव्हतं.

तंबूत आमच्या युनिव्हर्सिटीच्या विंड टनेलमधल्या, म्हणजे जोराचा वारा सोडून गाडी तपासायच्या बोगद्यातल्या, गाडीचा मोठा रंगीत फोटो लावला होता. पत्र्यावर लोकरीचे तुकडे, हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून. ते मी चिकटवले होते. स्टुडंट होतो तेव्हा. एका रविवारी लोकर संपली, दुकानं बंद, म्हणून आईनं विणलेल्या तांबड्या स्वेटरची बाही उसवली. फोटोत अजून तांबडीलाल दिसते.

एक जुना मेकॅनिक शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुम्हीही तेव्हापासूनचे फॅन का?"

"हो," म्हणालो.

का? ती लोकर माझी, एवढं म्हणायला काय झालं होतं? भला माणूस होता, ऐकलं असतं त्यानं.

मग आमच्या निखिलचा फोन. "डॅड, डिड यू टेल देम?"

म्हटलं, सांगितलं की! सगळे खूश झाले.

तेव्हा आईलाही असंच लिहिलं होतं, स्वेटर बसमध्ये राहिला म्हणून. तिनं दुसरा विणून पाठवला. सोबत चिठ्ठी होती: "पहिला ज्याला सापडला असेल, त्याला तरी ऊब मिळो."