आठ तारा आणि एक वस्तरा

४ मार्च, मंगळवार

आलं एकदाचं मँडोलिन घरात! संगीताच्या मास्तरांनी त्यांचं जुनं दिलं, तेही पैजेवर. रोजच्या दाढीला खुर्चीत बसले होते, तोंडभर फेस, आणि वर म्हणतात, "वाद्य वाजवणं तुमच्याच्यानं व्हायचं नाही." मी म्हटलं, "बत्तीस वर्षं हा हात चालतोय. कुणाच्या गालावर एक ओरखडा दाखवा." वस्तरा गळ्याशी असताना कोण बोलणार म्हणा!

ठरलं ते असं — दुपारी दुकान रिकामं असतं तेव्हा अर्धा तास शिकवणी. महिन्याभरात एक अख्खी धून.

५ मार्च

तारा आठ, पण जोड्या चार. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या. डाव्या बोटांनी दांडीवरच्या पडद्यांवर दाबायच्या, उजव्या हातात पिक धरून छेडायच्या. पिक म्हणजे नखापेक्षा थोडी मोठी टिकली. एवढंच! लोक उगाच बाऊ करतात.

६ मार्च

डावी बोटं सोलून निघालीत. कुणाला सांगितलं नाही.

८ मार्च

बोटांवर तुरटी फिरवली. गिऱ्हाइकांना चालते, मग मला का नाही? लेक हसली. "बाबा, आज बोटांची दाढी केलीत वाटतं!"

केस कापण्यात ती माझ्यापेक्षा सरस आहे. इथे लिहायला हरकत नाही, ती वाचणार थोडीच! पण तिला वस्तरा हवाय. आज पुन्हा मागितला. मीही ठरलेलं उत्तर दिलं, "माझा हात थरथरेल त्या दिवशी ही वस्तऱ्याची डबी तुझी. शब्द!"

"म्हणजे मी म्हातारी झाल्यावर," म्हणाली आणि झाडू घेऊन केस गोळा करायला लागली. मागच्या खोलीत फुग्याला फेस लावून सराव करते. मला ठाऊक नाही असं तिला वाटतं. हल्ली फुगा फुटल्याचा आवाज येत नाही.

११ मार्च

मास्तरांच्या हनुवटीवर बारीकसा ओरखडा. ते हलले. हलले म्हणजे हललेच!

१४ मार्च

आजचा दिवस माझा!

मँडोलिनचा सूर फार अल्पायुषी. तार छेडली की विझलाच. म्हणून सूर लांबवायचा तर पिक तारेवर खाली-वर, खाली-वर, झरझर चालवत राहायची. मास्तर म्हणाले, "याला वर्ष जातं. आज नुसतं बघा." मी बघितलं आणि वाजवलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "पुन्हा वाजवा." पुन्हा वाजवलं. "अहो, हे आलं कुठून?"

म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला! डाव्या हाताची अजून बोंबच आहे. पण उजवा? नुसता तारेवर टेकवायचा, बाकीचं तो बघून घेतो.

१५ मार्च

घरी चहा बशीत सांडला. टेबल डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा घातला, तरी सांडला. ही म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." उद्यापासून कप अर्धाच भरणार म्हणे. माझ्यापेक्षा टेबलाचीच बाजू घेते!

१९ मार्च

निम्मी धून बसली. एक गिऱ्हाईक केस कापून झाल्यावरही ऐकत बसून राहिलं.

दाढ्या दोनच केल्या. बाकीच्यांना सांगितलं मान दुखतेय, उद्या या.

खरं म्हणजे मान दुखत नव्हती. असो.

२४ मार्च

जमली! अख्खी! सुरुवातीपासून शेवटपर्यंत! वीस दिवसांत! मास्तर म्हणाले, "हरलो बुवा." लेकीने हातातली कात्री खाली ठेवून ऐकलं. टाळ्या काही वाजवल्या नाहीत. माझ्या हाताकडेच बघत राहिली.

मास्तरांनी एकच खोट काढली. शेवटचा सूर माझा लांबतो. "धून जिथे संपते तिथे थांबायला शिका." थांबणं काय, डाव्या हातचा मळ! उद्या दाखवतोच.

२५ मार्च

धून संपली. मास्तर म्हणाले, "थांबा." मी पिक खाली ठेवली, मँडोलिन भिंतीला टेकवलं, हात मांडीवर ठेवला. मांडीवरही तो वाजवतच राहिला.

लेक आरशातून बघत होती. मास्तरांची दाढी व्हायची होती. मी खण उघडला, डबी काढली आणि तिच्या हातात दिली. शब्द म्हणजे शब्द.

बाजूला उभं राहून बघितलं. मास्तरांच्या गालावर एक ओरखडा नाही.