बाबांचं लाल बटन

अकोला, मे, मंगळवार संध्याकाळ

लाल बटन अजूनही मेलेलंच. लकव्यानं बाबांची वाचा गेली, म्हणून हा बोर्ड बनवून राहिलो. बटन दाबलं की स्क्रीनवर 'पाणी' यावं, एवढंच. तार बदलली, पिन बदलली, प्रोग्राम पुन्हा टाकला. काहून होऊन नाही राहिलं? मले काहीच येत नाही का? रडू येऊन राहिलं.

शेवटी लाल बटन बाबांच्या हाती दिलं. त्यांनी दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा. माझे डोळे स्क्रीनवर. "बाबा, थांबा, तार पाहू द्या." ते थांबेनात.

आई दारातूनच ओरडली, "अरे, त्यायले तहान लागली नं!"

तिनं पेला त्यांच्या ओठांना लावला. तो रिकामा झाल्यावरच बाबांनी बटन सोडलं.