टूक म्हणजे टोपी

बाबा, आज माझं डोकं इतकं फिरलं की मीटिंग अर्धी सोडून मी गाडीत जाऊन बसले. आमचा नवा मॅनेजर टोरांटोचा, गोरा. "एसी केवढा गार! टूक घालून यायला हवं होतं," म्हणाला. टूक म्हणजे काय, कुणालाच ठाऊक नाही. लोकरीची टोपी, हे कळल्यावर सगळे खूश. "सो क्यूट! अजून सांग ना!" त्यानं पार्केड सांगितलं, म्हणजे पार्किंगची इमारत. हायड्रो सांगितलं, म्हणजे वीज. लोक हसत होते आणि माझ्या कानशिलांत ठणकत होतं.

तुम्हीही त्याच्याच देशात, विनिपेगच्या वीज कंपनीत वीस वर्षं काढलीत, मग बॉर्डर ओलांडून माझ्याकडे इथे कॅरीत आलात. इथल्या हॉस्पिटलात, तुमच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. तुमचं डोकं गारठलंय, तुम्ही नर्सकडे टूक मागताय. तिला कळत नाही, तुमचा आवाज चढतो. काम काय करायचात, ती विचारते. "हायड्रो." मुलगी कधी येणार? "पार्केडमध्ये असेल." ती फाइलमध्ये लिहिते, पेशंट गोंधळलेला आहे. मी पोचले तेव्हा पलंगाला अलार्म लावला होता. पाय खाली टेकवला की तो कोकलायचा. तुम्ही विचारलंत, "मला वेड लागलंय का गं?"

तुमच्यावरही चिडलेच मी. किती वेळा सांगितलं होतं, बाबा, इथे हॅट म्हणा. "तिथे पोराटोरांना कळतं. बॉर्डर ओलांडली की शब्द मरतो का?" हे तुमचं उत्तर. घरी आल्यावर मात्र तुम्ही इंग्रजी बोलणंच टाकलंत. दुकानात नुसतं बोट दाखवायचात. वीस वर्षं गोऱ्यांशी त्यांच्याच भाषेत भांडलेला माणूस! त्याच शब्दांवर आज टाळ्या पडल्या, बाबा. तुम्हाला अलार्म, त्याला टाळ्या.

त्या नर्सला तुम्ही शेवटपर्यंत शिव्या घातल्यात. मीही मान डोलावत राहिले. पण फाइलमध्ये तसं लिहिण्याआधी तिनं मला फोन केला होता. तुम्ही म्हणालेले शब्द तिनं एकेक करून सांगितले. मला सगळे कळले, मी इंग्रजी शिकले तीच त्या शब्दांतून. "हे नेहमी असंच बोलतात का?" तिनं विचारलं. समोर ऑफिसची माणसं बसली होती, मला फोन लवकर संपवायचा होता.

मी म्हटलं, "हो, कधीकधी."