ओल्या गोणपाटाचं रीडिंग

बाबा, काल मी शाळेतल्या मुलांना घेऊन गुडगावजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गेले होते. एप्रिल संपत आलाय, बारा वाजले होते, आणि छतावर बघावं तिकडे सोलर पॅनेल. तिथला इंजिनिअर असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. आम्हाला एका कोपऱ्यात नेऊन तो मोठ्या कौतुकानं म्हणाला, "मॅम, ये हमारा छोटा सा एक्सपेरिमेंट है." मी वाकून बघते तर काय, तीन पॅनेलांच्या पाठीला जाड ओलं कापड, वरून बारीक नळीतून थेंब थेंब पाणी आणि खालून वारा जायला मोकळी जागा. अहो, ते तुमचं होतं! तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. सून म्हणून मी तुमच्याशी एवढी बडबड केली, पण एक गोष्ट तेवढी कधी सांगितली नाही. ती सांगायला बसले आहे.

दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आपण गुडगावच्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा खिडकीतून अजून मोहरीची शेतं दिसायची. फ्लॅट चकाचक, पण दुपारी वीज जायची ती तीन-तीन तास. तुमचा मुलगा सकाळीच कंपनीच्या बसनं मानेसरला गेलेला, घरात तुम्ही आणि सुट्टीतली मी. तुम्ही कुठल्याशा प्रदर्शनातून एक पॅनेल आणलंत, छतावर विटांच्या ओट्यावर ठेवलंत, खाली बॅटरी आणि एक छोटा पंखा. मार्चमध्ये तो पंखा गरगर फिरायचा, आणि जूनमध्ये, ऊन डोळे दिपवत असताना, रडतरखडत. "काहून असं?" तुम्ही जेवताना विचारलंत. "ऊन वाढलं तर वीज वाढायला पाहिजे ना?" तुमचं हे नेहमीचंच होतं. सरकारी छापखान्यात तीस वर्षं मशीन चालवलेला दहावी पास माणूस, पण ताटावर बसला की दहा प्रश्न. कुकरची शिट्टी थांबून थांबून का वाजते, पावसाळ्यात कूलर काम का करत नाही. मी एमएस्सी, शाळेत फिजिक्स शिकवणारी, मला तर भारीच वाटायचं. मी सांगितलं, पॅनेल प्रकाशावर चालतं, ते स्वतः तापलं की त्याचं व्होल्टेज पडतं. तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "म्हणजे त्याला ऊन पाहिजे, ताप नको. मग ओलं गोणपाट लावून थंड करू की!" मी हसले. गोणपाट लावून कुठे फरक पडतो का बाबा, म्हणाले.

झालं, तुम्ही हट्टालाच पेटलात. केमिस्टकडून सलाइनची नळी आणलीत, कारण तिच्या चाकानं थेंब कमीजास्त करता येतात. पॅनेल आणि ओटा यांच्यामध्ये ओलं गोणपाट सरकवलंत. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं, म्हणून मीटर वाचायचं काम माझं आणि वही तुमची. एक दिवस कोरडं, एक दिवस ओलं, रोज बरोबर साडेबारा वाजता. एकदा मी पोळ्या टाकता टाकता म्हणाले, "कालच्याइतकंच असेल, लिहून टाका." तुम्ही वही मिटलीत. "असेल म्हणजे? छापखान्यात आम्ही असेल म्हणून छापलं असतं तर अख्खा गठ्ठा रद्दीत गेला असता. चल वर." मला राग आला होता, पण तव्याखालचा गॅस बंद करून मी जिना चढले.

दोन आठवडे फरक पडला नाही. मी काही टोमणे मारले नाहीत, पण तोंडावर दिसत असेलच. तुम्ही मात्र ओट्याशेजारी उकिडवे बसून विचार करत होतात. मग तुम्हीच म्हणालात की कोंडलेल्या खोलीत कूलर गार हवा देत नाही, इथंही हवा कोंडते आहे. तुम्ही ओटा काढलात, पॅनेल चार कोपऱ्यांच्या विटांवर उचललंत आणि गोणपाट पाठीला तारेनं घट्ट बांधलंत. हे सगळं भर दुपारी, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. त्याच दुपारी तुम्ही जिन्यात बसलेले सापडलात. अंग भाजत होतं, घाम नाही, आणि बोलणं अडखळत होतं. डॉक्टर म्हणाले, लू लगी है, दुपारचं छतावर जाणं बिल्कुल बंद. मी इतकी घाबरले होते की घरी आल्यावर तुमच्यासमोरच रडले. आणि तुम्ही? पन्ह्याचा पेला खाली ठेवून म्हणता, "उद्या ओल्याचा दिवस आहे."

दुसऱ्या दिवशी तुम्ही ऐकत नव्हतात. जिन्याच्या दारात सावलीला खुर्ची टाकून बसलात, वही मांडीवर. मी एकटी पॅनेलपाशी जाते. हात लावते, तर रोज चटका देणारी पाठ नुसती कोमट आहे. मीटरच्या तारा टेकवते. कोरड्या दिवशी आकडा अठरा व्होल्टच्या आसपास असायचा. आज साडेएकोणीस! मी पुन्हा तारा टेकवते. पुन्हा साडेएकोणीस.

"किती?" तुम्ही ओरडून विचारलंत.

"अठरा," मी म्हणाले. "काही फरक नाही बाबा."

तुम्ही अठरा लिहिलंत. मला पुन्हा बघ म्हणालासुद्धा नाहीत, इतका तुमचा विश्वास. वही मिटून म्हणालात, "माझंच चुकलं असेल. तू शिकलेली आहेस." संध्याकाळी गोणपाट सोडवून वाळत घातलंत आणि नळी धुऊन ठेवून दिलीत. मला वाटलं, सुटलो, आता हा माणूस उन्हात जायचा नाही. गेला नाहीत. पण त्यानंतर ताटावर तुम्ही काही विचारलं नाहीत. आधी वाटलं अशक्तपणा असेल. मग मीच मुद्दाम विषय काढायचे, आणि तुम्ही "असेल" म्हणून वाढलेलं खायचात. तुम्ही, आणि "असेल"! पुढची चार वर्षं असं चाललं, आणि मला रोज कळत होतं की हे कशानं झालं. सांगावंसं वाटायचं, पण हिंमत झाली नाही.

तो इंजिनिअर काल सांगत होता की खालून हवा खेळती नसेल तर ओल्या कापडाचा उपयोग नाही, हे कळायलाच त्यांना एक उन्हाळा लागला. तुम्हाला दोन आठवडे लागले होते. मला त्याला खूप विचारायचं होतं: कापड खालच्या बाजूला आधी सुकतं का, गुडगावच्या खाऱ्या पाण्यानं पाठीवर क्षार धरतात का, जेवढं पाणी जातं तेवढ्याची वीज खरंच सुटते का. हे तुम्हीही विचारलं असतंत. माझा चेहरा बघून त्यानंच विचारलं, "मॅम, आपने पहले कहीं देखा है ये?" मी म्हणाले, "नहीं."

तुमच्या तब्येतीसाठी खोटं बोलले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. काळजी होतीच, ती खोटी नव्हती. पण बाबा, मीटरवर साडेएकोणीस दिसलं त्या क्षणी तुमची तब्येत माझ्या डोक्यात नव्हती. डोक्यात एवढंच आलं होतं, हे यांना सुचलं, मला का नाही?