पूर्वजांच्या कानावर

२२ ऑक्टोबर २०११

झाला एकदाचा घटस्फोट!

कचेरीतली रांग बघून हसूच फुटलं. सगळी आपल्याच गावची माणसं. आमच्या पुढे थुंगकाका आणि काकू. काकूंना नीट दिसत नाही, म्हणून काकांचा हात घट्ट धरून उभ्या. खिडकीतली पोरगी वैतागली, "आजी, घटस्फोट घेताय ना? मग हात तरी सोडा!" काकू म्हणाल्या, "सोडते की. मग पायऱ्या उतरवून तू नेणार का मला?" सगळी रांग खो खो हसली. माझा नवरा शौकन सोडून.

धरण भरलं की आमचं ल्यूवान पाण्याखाली. वर डोंगरावर नवी वसाहत. कुटुंबामागे एक घर. मग एका कुटुंबाची दोन केली तर घरं दोन! एक आम्हाला, एक लेकीला, मिनला. घरं नावावर झाली की पुन्हा लग्न लावून घ्यायचं. अख्खं गाव हेच करतंय. आमच्या घरात युक्ती माझी. शौकन महिनाभर नाही-नाही करत होता.

आज मात्र मुकाट्यानं सही ठोकली. इतकी मुकाट्यानं?

२४ ऑक्टोबर

पूर्वजांच्या कानावर घालणं भाग आहे. नाहीतर ती मंडळी खरंच धरून चालायची. कुटुंबांच्या मोजणीला आलेले वेनसाहेब शेजारी फिरत असतात, म्हणून सगळे देव्हाऱ्यापुढे कुजबुजतात. काल थुंगकाकू मात्र ओरडत होत्या, "ऐकलंत का, हे सगळं खोटं आहे हो!" काका म्हणाले, "हळू बोल, साहेब ऐकतील." "मग तुमच्या वडिलांना कसं ऐकू जायचं? जन्माचे बहिरे!"

शौकनला विचारलं, "सांगितलंस?"

"हं."

नुसतं हं.

२५ ऑक्टोबर

उदबत्तीचा पुडा मी स्वतः आणला होता. देव्हाऱ्यातच आहे. फोडलेला नाही!

म्हणजे सांगितलंच नाही. आणि सांगितलं नाही, तर मग खरंच की. माझ्याशी खोटं बोलला. तीस वर्षांत मीठ जास्त झालं तरी मला न सांगणारा माणूस, पण खोटं कधी बोलला नव्हता.

३ नोव्हेंबर

चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, असा नियम. शौकननं टोफूसाठी सोयाबीन दळायच्या खोपटात चूल बांधली आणि तिथेच झोपायला गेला. वेनसाहेब आले की दोन्ही चुलींवर हात ठेवून बघतात, गरम आहेत का. शौकनच्या चुलीवरचा भात खाली करपला, वर कच्चा. साहेबांनी झाकण उघडलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "हा घटस्फोट खरा दिसतोय."

थुंगकाका त्यांना धरून बसले होते. साहेब बिचारे समजावत होते, "काका, देशाला वीज हवी. पूर्वेकडच्या शहरांचं पोट फार मोठं आहे." काका उसळले, "आमच्या वाडवडिलांनी तेलाच्या दिव्याखाली पोथ्या लिहिल्या, रेशीम विणलं, चीनभर कालवे खणले. कुणी म्हटलं नाही, लिफ्ट बंद पडली म्हणून गाव बुडवा!" साहेबांनी पेला भरून चहा घेतला. काकांच्या खिशात मोबाइल वाजला, तेव्हा सगळ्यात जोरात तेच हसले.

मी पलंगभर आडवी झोपले. बरं वाटलं. असं वाटायला नको होतं.

११ नोव्हेंबर

शौकन रोज संध्याकाळी पाठीवर डालं लावून वर जातो. डाल्यावर पोतं झाकलेलं.

"काय नेतोस?"

"काही नाही."

"काही नाही इतकं जड असतं?"

"तू तुझी चूल बघ ना!" — आणि हसला. हसला!

वर वसाहतीत सध्या राहतंय कोण? एक छाओ. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, सगळ्यांच्या आधी दुकान वर नेऊन बसली. केस नेहमी विंचरलेले. मी दुकानात गेले की "वहिनी, वहिनी" करते. हल्ली जरा जास्तच करते.

१५ नोव्हेंबर

शौकननं शर्ट घेतलाय. नवा, पांढरा, टाचण्यांसकट पेटीत कपड्यांच्या तळाशी. पेटी मी उघडली. हो, उघडली! हिवाळ्यात पन्नाशीचा माणूस पांढरा शर्ट कुणासाठी घेतो?

१६ नोव्हेंबर

मिनचा फोन. तिकडे समुद्राकाठच्या त्या शहरात दोन दिवस वीज जात-येत होती. "आई, बावीस मजले पायी चढले गं! होऊ दे बाई तुमचं धरण लवकर." तुमचं धरण!

तिला घराचं सांगितलं. तुझ्या नावानं घेतोय, आई-बापानं काडीमोड घेतला त्यासाठी. ती म्हणते, "पण आई, मी कुठे येणारे तिथे राहायला?"

सोयाबीन भिजत घातलं नाही आज. कुणासाठी केलं मग हे सगळं?

शौकनला सांगितलं नाही. तो कुठे मला सगळं सांगतो?

२० नोव्हेंबर

आज पाठलाग केला. लाज वाटली, पण गेले. छाओच्या दुकानामागे हा डालं उपडं करत होता आणि ती कंबरेवर हात ठेवून बघत होती. मी तरातरा पुढे गेले. म्हटलं, "बघू तरी, नैवेद्य काय आणलाय!"

माती. आमच्या परसातली काळी माती. आणि मधोमध खड्डा.

छाओ म्हणाली, "वहिनी, तुमच्या तिरफळाच्या झाडासाठी जागा मागून घेतली त्यांनी माझ्याकडे. इमारतीत कुठे माती आहे? वरचा नुसता मुरूम. म्हणाले, झाड बायकोच्या माहेरचं आहे, तिला कळू देऊ नका."

लग्नात आईनं दिलेलं रोप ते. माझा चेहरा लाल झाला. शौकन घाम पुसत म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "मुळं तुटली तर बघ!"

पण शर्टाचं अजून कळलेलं नाही. उदबत्तीचंही.

२२ डिसेंबर

आज थडगी हलवली. सासऱ्यांची हाडं लाल कापडावर मांडली, पायापासून वर डोक्यापर्यंत, आणि तशीच मडक्यात भरली, म्हणजे मडक्यात माणूस बसलेला राहतो. वर काळी छत्री धरलेली — हाडांना ऊन लागू नये. सगळे आपापल्या मडक्याला सांगत होते, खोटं आहे, खोटं आहे. डोंगरभर तेच. शौकननं मडकं छातीशी धरलं आणि म्हणाला, "बाबा, चला. नवं घर बघायचंय. सूनबाई बरोबर आहे तुमची."

बस्स. एवढंच.

परतताना न राहवून विचारलंच. "तू त्यांना अजून सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?"

"की घटस्फोट खोटा आहे!"

"खोटा आहे सांगायचं तर आधी घटस्फोट म्हणावं लागतं," तो म्हणाला. "बाबांच्या कानावर तो शब्द कशाला? त्यांच्या लेखी काही झालेलंच नाही."

"आणि शर्ट?"

"पुन्हा लग्न लावताना फोटो काढतात ना. पहिल्या फोटोत मी शेजाऱ्याचा शर्ट घातला होता. विसरलीस?"

विसरले नव्हते. बाही आखूड होती त्याची. मला रडायला आलं आणि तो मडकं सांभाळत पुढे चालत राहिला. इतके दिवस मी कुणावर संशय घेत होते! हायसं वाटायला हवं.

हवं.

९ फेब्रुवारी २०१२

आलो वर. तो चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. घरांच्या कागदांवर शिक्का पडेपर्यंत वेगळंच राहायचं. चूल नाही, धूर नाही. बटण दाबलं की भांडं तापतं. दिवे इतके लख्ख की भिंतीवर माझीच सावली सापडत नाही. खिडकीतून विजेच्या तारा दिसतात, मिनच्या दिशेनं गेलेल्या.

सकाळी कुणी खाकरलं नाही. उठून दळायचं नाही, जातं खालीच राहिलं. उशिरा उठले. भात, लोणचं, बसून खाल्लं. सगळं खाईपर्यंत बसूनच.

२ मार्च

शौकन रोज दोन मजले उतरून जेवायला येतो. वाडगा पुढे करतो. आज दार वाजलं तेव्हा मी दिवा बंद केला आणि गप्प बसून राहिले. तो थोडा वेळ उभा राहिला, मग पावलं वर गेली.

मी असं का केलं?

२१ मार्च

तिरफळाला नवा कोंब! शौकननं मला हाताला धरून नेऊन दाखवला. लहान मुलासारखा आनंद. छाओ म्हणाली, "वहिनी, नशीबवान आहात." मी हो म्हटलं. खरंच आहे. यात खोटं काय आहे?

३ एप्रिल

घरांच्या कागदांवर शिक्का पडला. थुंगकाका-काकूंनी तर कालच पुन्हा लग्न लावून घेतलं. काकू म्हणाल्या, "या खेपेला हुंडा मागते बघ!" आमचं शुक्रवारी. शौकननं शर्टाच्या टाचण्या काढल्या, इस्त्री करायला माझ्याकडे आणून दिला.

केली इस्त्री. सुरकुती राहू दिली नाही.

४ एप्रिल

छिंगमिंग, थडगी झाडायचा सण. एकटीच आईच्या थडग्यावर गेले. तिचं वरच्या गावात, पाणी तिथवर पोचणार नाही. गवत काढलं, भात ठेवला, उदबत्ती लावली. म्हटलं, "आई, माझा घटस्फोट झाला."

खोटा आहे, हे तिला सांगितलं नाही.