मागून येणारा

१ नोव्हेंबर, शनिवार. दिघा

माझं सगळं बदललं ते सबमिशनच्या रांगेत. हातात जर्नल, पुढं पोरं, आणि फोनवर गेल्या वर्षी आमच्याच कॉलेजातून पास होऊन नोकरीला गेलेल्या रुतिकाचा फोटो आला. डोंगराच्या धारेवर उभी, खाली खाडी, केस सगळे तोंडावर. खाली लिहिलेलं, 'इकडं ये की वेड्या, बघ काय भारी आहे.' जर्नल तिथंच खिडकीत टाकलं आणि रांगेतून बाहेर पडलो. सर ओरडले, मी उलट ओरडलो. कराडला घरी पप्पा म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. नाही दाखवत.

आज इथं आलो. चुलतभाऊ दुबईला असतो, त्याची खोली रिकामीच होती. चाळ दुमजली, जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. शेजारच्या आबिदाचाचींनी आल्या आल्या भाकरी आणि सुकटीची चटणी दिली, वर विचारलं, लग्नाचा आहेस का. रुतिका ऐरोलीत नोकरी करते, रिक्षानं जवळच. शिवाय कामही मिळालं. हरेश सर दर रविवारी लोकांना डोंगरावर नेतात, त्यांना बॅकलीड हवा होता. म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं, कोणी मागं राहू द्यायचं नाही. रुतिका दर रविवारी असते. देव आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

उरणचा डोंगर. पाऊस सरून गवत पार सोनेरी झालंय. चाललं की सर्रसर्र वाजतं आणि कुसळं मोज्यात घुसतात. वरच्या कड्यावरून एका बाजूला न्हावा शेवाच्या क्रेन आणि काड्यापेट्यांसारखे रचलेले कंटेनर, दुसरीकडं मोरा बंदरातून सुटलेली लाँच पाण्यावर पांढरी रेघ ओढत चाललेली. रुतिकानं थर्मासच्या झाकणातून मला चहा दिला. तिच्या ओठांचं झाकण. पुढचं डोंगरबिंगर मला दिसलं नाही.

उतरताना पायथ्याच्या वळणावर एक शेंदूर फासलेला धोंडा आहे. वाट दाखवायला गावचे धर्माकाका असतात, त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, सगळ्यांत शेवटी जो उतरतो त्यानं डोंगराकडं तोंड करून एक बोलायचं असतं. "शेवटच्या मानसाला पोचवाला राखनदार खाली येतं. त्याला सांगाचा, बाबा, आमी पोचलो, तू जा माघारी." न सांगितलं तर तो येतच राहतो. आणि वाटेत आपल्या मागं कोणाला ठेवायचं नाही, कारण मागं राहील तो त्याचा.

मी हात जोडून, आवाज जाड करून बोललो. रुतिका खदखदून हसली. काका हसले नाहीत.

९ नोव्हेंबर, रविवार

आज डोकं सटकलंय.

शिवतेज नावाचा एक जण आला होता, रुतिकाच्या ऑफिसातला. निळं जॅकेट. तिची सॅक यानं घेतली, पाण्याची बाटली यानं उघडून दिली. कड्यावर दोघं एकाच दगडावर. मी जवळ गेलो तर म्हणतो, "भाऊ, तू मागंच बरा." आणि रुतिका हसली. तेच हसू. मला वाटलं होतं, माझं आहे ते.

उतरताना मागं गवत वाजत होतं. सर्र, सर्र. माझ्या पावलाला पाऊल लावून. वाटलं धर्माकाका असतील, पण ते तर पुढं हरेश सरांशी बोलत होते. वळून पाहिलं, नुसतं गवत. वारा नव्हता.

धोंड्यापाशी थांबलो. पुढं ते निळं जॅकेट तिच्या खांद्याला खांदा लावून चाललेलं. मी जा म्हणालो नाही. म्हणालो, "येतोस तर ये. पुढं तो निळा चाललाय, तो तुझा."

काकांनी विचारलं, बोललास का. मी हो म्हणालो. ते माझ्याकडं बघतच नव्हते, माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. मग वाट सोडून बाजूला झाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दिघ्याच्या रस्त्यावर गवत कुठलं? रिक्षा, धूळ, गटारं. तरी मागून सर्र, सर्र. थांबलो की थांबतं.

संध्याकाळी जिन्यात आबिदाचाची समोरून आल्या. मला जायला भिंतीला चिकटल्या. मी वर गेलो तरी त्या चिकटूनच उभ्या. मग थोड्या वेळानं उतरल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

शिवतेज गेला.

नीट लिहितो. मावळतीला सगळे कड्यावरून निघाले. त्याला सूर्याचा फोटो हवा होता. म्हणाला, भाऊ हो पुढं, मी आलोच. कोणाला मागं ठेवायचं नाही, हेच माझं काम. मी पुढं झालो.

दहा-बारा पावलं गेलो आणि पाठ हलकी झाली. आठवडाभर जे मागं होतं, ते नव्हतं. बरं वाटलं. खोटं का लिहू? बरं वाटलं. वळून पाहिलं नाही.

कड्याखाली सापडला. तोल गेला असेल, पोलीस म्हणतात. रुतिका रडत नव्हती. माझ्याकडं बघत होती.

१७ नोव्हेंबर

परत आलंय. त्याचं काम झालं, आता पुन्हा माझ्या मागं. सर्र, सर्र. आता जवळून.

१८ नोव्हेंबर

धर्माकाकांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली. म्हणाले, धोंड्यापर्यंत घेऊन ये, तोंडानं माघारी पाठव. पन येताना तुज्या मागं कुत्रंसुदिक चालू देऊ नको. एकटा ये.

पोलिसांनी वाट बंद केलीय. परवा खुली होईल.

१९ नोव्हेंबर

बाहेर गेलो नाही. पाठ भिंतीला लावून बसलो तर भिंतीतून — सर्र —

कोणी माझ्या मागं चालू नये. दूधवाल्याला हाकललं. चाचींवर ओरडलो. रडल्या त्या.

२० नोव्हेंबर, दुपार

निघणार होतो. तेवढ्यात रुतिका आली.

दारातच म्हणाली, ढकललंस ना त्याला? मी सगळं सांगितलं. धोंडा, निळं जॅकेट, सगळं. ऐकलं तिनं. मग म्हणाली, एक तर तू वेडा आहेस नाहीतर खुनी, ते पोलीस ठरवतील. चल चौकीत.

मी म्हटलं, तू जा पुढं. मी येतो.

"तू पुढं चल. मी मागूनच येणार. पळशील तू."

हात जोडले. पाया पडलो. मागं नको, रुतिका, माझ्या मागं कोणी नको. ती पर्स उचलून माझ्या पाठीमागं उभी राहिली. ऐकतच नाही. कधीच ऐकलं नाही तिनं माझं —

आता जिन्यात आहे. ती आत. मीच उडी मारून बाहेर आलो, दार ओढलं, बाहेरून कडी घातली. आता येऊ शकत नाही माझ्या मागं. वाचली. दारावर थापा मारतेय, शिव्या देतेय. देऊ दे. धोंड्यापर्यंत जाऊन येतो, मग हवं तर —

चार पायऱ्या उतरलो. आवाज नाही.

थांबलो. पुन्हा उतरलो. मागं काही नाही. पाठ हलकी —

थापा थांबल्या.

मी इतक्या घाईत बाहेर पडलो. दार लगेच ओढलं. माझ्या मागून त्याला बाहेर यायला वेळच मिळाला नाही. मागं राहील तो त्याचा, आणि मागं ती —