भिंतीवरचे सतरा हात

माय, तुझ्या हातच्या सतरा गोवऱ्या मी शहरात नेल्या आणि एका पांढऱ्या भिंतीवर लावल्या. तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात सांगण्यासारखं पुष्कळ घडलं, पण कागद घेऊन बसले ती या गोवऱ्यांमुळेच. तुला वाचता येत नव्हतं. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की तू हात पदराला पुसून ती माझ्यापुढे धरायचीस, आणि मी सगळी नावं वाचून झाल्यावर विचारायचीस, "बायांची नावं कुठं हायेत?" ती खाली बारीक अक्षरात असायची, किंवा नसायची. तेव्हा तुझा तो प्रश्न मला गमतीचा वाटायचा.

तुझ्या शेवटच्या हिवाळ्यातल्या गोवऱ्या बापूंनी जाळू दिल्या नाहीत. पहिल्या वर्षी म्हणाले, "पावसाळ्याला राहू द्या." दुसऱ्या वर्षी गॅस आला, मग कारणही लागलं नाही. गोठ्याच्या माळ्यावर कडुलिंबाचा पाला घालून त्यांनी त्या रचून ठेवल्या. काही वाळवीनं खाल्ल्या, काही भुगा झाल्या, सतरा उरल्या. प्रत्येकीवर तुझा उजवा पंजा आहे. चार बोटं पूर्ण, आणि करंगळी वरच्या पेरापासून नसलेली. गव्हांडा, गव्हाचा भुसा, कालवलेला शेणाचा गोळा तू भिंतीवर थापायचीस, वरून एकदाच दाबायचीस आणि हात उचलायचीस. दुसऱ्यांदा दाबलेलं मी कधी पाहिलं नाही. करंगळी कडबा कापायच्या यंत्रात गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. तुम्ही नवरा-बायको कामाला होतात, चाक बापू फिरवत होते आणि पेंढी तू सरकवत होतीस, एवढंच मला चुलतीनं सांगितलेलं. तू त्याबद्दल काही बोलली नाहीस. कुणी बोट पाहून हळहळलं तर म्हणायचीस, "बरंच की, तेवढंच काम कमी हाताला."

मला पाचवीतला तो दिवस आठवतो. शाळेत चित्राची स्पर्धा आहे, विषय 'माझे घर'. तू डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन ताडकळसच्या बाजारला गेली आहेस आणि संध्याकाळी पदराच्या गाठीतून रंगपेटी काढतेस. बारा रंगांच्या वड्या, एक कुंचला. मी कोपऱ्यात बसून चित्र काढते. आपल्या घराला मातीचं सपाट माळवद, पण मी काढते उतरतं लाल छप्पर. मागं दोन डोंगर, शेजारी नारळाचं झाड. आपल्याकडे नारळ देवळात फोडायलाच दिसतो, पण पुस्तकातल्या घरापाशी नारळाचं झाड असायचं. भिंत मी पांढरी स्वच्छ ठेवली. तू भाकरी थापता थापता मान वळवून पाहिलंस.

"ह्ये कुणाचं घर हाय?"

"आपलंच."

"आन् भितीवरच्या माझ्या गवऱ्या?"

"चित्रात शेण काढत असतेत का कुठं!" मी म्हणाले. फणकाऱ्यानं म्हणाले.

तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "लय ग्वाड घर हाय बाई तुझं," तू म्हणालीस. "पर तिथं चूल कशावर पेटती?"

मला त्या चित्राला दुसरा नंबर मिळाला. तू ते धान्याच्या कोठीवर चिकटवलंस आणि आल्यागेल्याला दाखवलंस. गोवऱ्या विकून आणलेल्या रंगांनी मी गोवऱ्याच पुसून टाकल्या होत्या, हे मला कळायला चित्रकलेच्या कॉलेजचं तिसरं वर्ष उजाडावं लागलं.

त्या वर्षी आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी अंधार करून पडद्यावर एक चित्र दाखवलं. चित्र कसलं, पुरुषांच्या मुतारीत भिंतीला असतं तसं चिनी मातीचं भांडं. शंभरएक वर्षांपूर्वी एका चित्रकारानं ते दुकानातून विकत आणलं, वर भलतंच नाव रंगवलं आणि प्रदर्शनाला पाठवून दिलं. प्रदर्शनवाले चिडले, त्यांनी ते मांडलंच नाही, आणि तरी आज कलेचा इतिहास त्या भांड्याशिवाय शिकवता येत नाही. मग सरांनी आणखी एकेक दाखवलं. कुणी स्वतःची विष्ठा डब्यात भरून विकली होती. कुणी अलीकडे भिंतीला चिकटपट्टीनं केळं डकवलं होतं. वर्ग हसून हसून लोळला. माझ्या शेजारणीनं विचारलं, "सर, मग आम्ही इतकी वर्षं हात कशाला मोडून घेतले?" सर हसले नाहीत. म्हणाले, "ही माणसं चेष्टा करत नव्हती. कला म्हणजे काय हे ठरवणारे कोण, असा त्यांचा प्रश्न होता. वस्तू कुणाच्या हातानं झाली याला त्यांनी महत्त्व दिलं नाही. ती कुणी निवडली आणि कुठं नेऊन ठेवली, याला दिलं."

मी हात वर केला. "सर, पण ते भांडं घडवलं कुणी?"

"कारखान्यानं."

"कारखान्यात कुणी?"

वर्ग पुन्हा हसला. सर म्हणाले, "ते कुणालाच माहीत नाही." मी त्या दिवशी वहीत लिहिलं की त्या कामगाराचं नाव माहीत असायला हवं होतं. माय, हे वाक्य अजून त्या वहीत आहे, खाली दोन रेघा ओढलेलं.

त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात तुझी भिंत होती. ज्या भिंतीची मला लाज वाटली तीच आता कुणी हसणार नाही अशा जागी नेता येणार होती. त्या वात्रट चित्रकारांनी दार उघडून ठेवलं होतं, आणि त्यातून तू आत यावीस असं मला मनापासून वाटलं. शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी मी गोवऱ्या मागितल्या तेव्हा बापू स्वतः माळ्यावर चढले. एकेक गोवरी खाली घेतली, पोत्यात सोयाबीनचं भुसकट घालून मधे मधे रचली. "माघारी आणशील न्हवं?" एवढंच विचारलं. चुडाव्याच्या स्टेशनावर त्यांनी पोतं रेल्वेत चढवून दिलं.

समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं पोत्याला हात लावून पाहिला. "काय हाय गं यात?"

"गवऱ्या."

"अगं बया! शिकायला चाललीस का चूल पेटवायला?"

"प्रदर्शनात लावायच्यात, आज्जी."

"मग आमच्या घरी ये की. तिथं बारा महिने प्रदर्शन हाय, बघायला कुत्रं येत न्हाई." सगळा डबा हसला. मीही हसले. पोत्यावर हात ठेवून मी बसले होते आणि मला वाटत होतं, बाई, तुमच्यासाठीच तर चाललेय.

भिंतीवर त्या सुरेख दिसल्या, माय. सहा, सहा आणि पाच अशा ओळी लावल्या. वरून दिवा सोडला तेव्हा प्रत्येक पंज्यात सावली भरली, जणू आत्ताच हात उचललास. वासही थोडा होता, उन्हात तापलेल्या आपल्या परसासारखा. शेजारी लावायला कॉलेजनं छापील कार्ड दिलं होतं. शीर्षक, माध्यम, कलाकाराचं नाव. शीर्षकात मी लिहिलं 'हात'. माध्यमात शेण आणि गव्हांडा. तिसऱ्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. कुणी जबरदस्ती केली नाही. काम ज्याचं गुण त्याला, असा नियम होता आणि मला पदवी हवी होती. मी स्वतःला सांगितलं, निवडलं मी, मांडलं मी, सरांनीच तर शिकवलंय.

बाहेरून आलेले परीक्षक भिंतीपुढे खूप वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हे पंजे कुणाचे?"

मी म्हणाले, "माझे."

"करंगळी अपुरी का?"

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हणाले, "मुद्दाम. अपूर्णता दाखवायची होती." ते मान डोलावत राहिले आणि वहीत काहीतरी लिहिलं. वर्गात माझा पहिला नंबर आला. आपल्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो असा.

मी पोतं घेऊन परत आले तेव्हा बापूंनी आधी गोवऱ्या मोजल्या. एक वाटेत दुभंगली होती, तिचे दोन्ही तुकडे त्यांनी जुळवून पाहिले. मग विचारलं, "तिचं नाव घेतलं का लोकांनी?" मी "घेतलं" म्हणाले. पुढच्या बाजारी ताडकळसला त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं की आमच्या हिचं नाव शहरात भितीवर लागलंय. दोन माणसांनी मला रस्त्यात थांबवून ते सांगितलं. त्यानंतर बापू रोज एकच मागू लागले. "ती चिठ्ठी आन की नावाची. फोटोखाली लावू."

तुझं नाव घालून नवं कार्ड करणं सोपं होतं. मी कोरं कार्ड आणलंही. पण लिहायला घेतलं की पाचवीतली ती पांढरी भिंत डोळ्यांपुढे यायची. काल सकाळी बापू गोठ्यात दावं वळत बसले होते. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. माझं नाव लिहिल्याचं ऐकूनही ते दाव्याला पीळ देत राहिले. मला वाटलं, आता रागावतील, मग बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "बोटाचं काय सांगितलंस?"

"मुद्दाम केलं म्हणाले."

त्यांचे हात थांबले. "मुद्दाम न्हाई झालं ते," बापू म्हणाले. "माझं ध्यान न्हवतं गं. बैल सुटला म्हणून मी तिकडं बघायलो अन् चाक फिरवायलो. मुद्दाम न्हाई केलं."

मी म्हणाले, बापू, मी तुमच्याबद्दल नव्हतं म्हटलं. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही. इतक्या वर्षांत त्या बोटाबद्दल त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विषय निघाला तो असा. उरलेलं दावं त्यांनी काल वळलं नाही. आज सकाळी उठून पाहते तर तुझ्या फोटोखाली ती दुभंगलेली गोवरी उभी आहे, सुताडीनं बांधलेली. चिठ्ठी त्यांनी पुन्हा मागितली नाही.

मी कॉलेजात जाऊन सरांना खरं सांगणार आहे. त्याचं काय होईल, माहीत नाही. त्या वात्रट चित्रकारांवर माझा राग नाही, त्यांच्याचमुळे लोक तुझ्या शेणापुढे शांत उभे राहिले. फक्त दार त्यांनी उघडलं म्हणून आत येणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, असं ते कधी म्हणाले नव्हते. ते मी ठरवलं.

एक गोष्ट मी बापूंनाही सांगितलेली नाही. परीक्षकांनी हात कसा दाबला ते दाखवायला सांगितलं होतं. मी करंगळी मुडपली आणि माझा पंजा तुझ्या पंज्यावर धरला. तो बसला नाही. माझी बोटं चारही बाजूंनी बाहेर आली. परीक्षक तोवर वहीत लिहीत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. माय, मला तू नेहमी मोठी आठवतेस. तुझा हात इतका लहान होता, हे मला तिथं कळलं.